पेशीची रचना आणि तिचे घटक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील पुष्कळ मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतात आणि पुढे त्यांचे विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. त्यामुळे घरातली ‘पेशी’ आणि वर्गातला ‘सेल’ या एकाच वस्तूची दोन नावे त्यांच्या मनात दोन वेगळ्या कप्प्यांत पडून राहतात आणि अभ्यास घेणाऱ्या पालकांचीही तीच अडचण होते. खालील प्रश्न अशा विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. उत्तरांत मराठी संज्ञा मुख्य ठेवली असून, आवश्यक तेथे शाळेत चालणारे नावही दिले आहे. उदाहरणे मुद्दाम स्वयंपाकघरातली, भाटातली (माडांच्या बागेतली) आणि खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) घेतली आहेत.

पेशी म्हणजे नेमके काय?

सजीवाचा जो सर्वांत लहान भाग स्वतः जिवंत असतो, म्हणजे बाहेरून पदार्थ घेतो, त्यांचे रूपांतर करतो, नको ते बाहेर टाकतो आणि सहसा आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करू शकतो, त्याला पेशी म्हणतात. अमिबाचे सारे शरीर एकाच पेशीचे असते; प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असाव्यात, असा अंदाज आहे. पेशींना शरीराच्या ‘विटा’ म्हणण्याची पद्धत रूढ असली तरी ती उपमा अर्धीच खरी आहे, कारण वीट भिंतीत बसली की तिचे काम संपते आणि पेशीचे काम तेथून सुरू होते.

पेशीचा शोध कोणी लावला?

परीक्षेत याचे उत्तर ‘रॉबर्ट हूक, १६६५’ असे एका ओळीत लिहावे लागते आणि ते चूकही नाही. मात्र हूकने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला बुचाचा काप मृत सालीचा होता. त्याला मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले आणि त्या कप्प्यांना त्याने लहान खोली या अर्थाचा शब्द वापरला. खोल्या होत्या, पण राहणारे केव्हाच निघून गेले होते. आपल्याकडे असेच काही पाहायचे असेल, तर नारळाच्या सोडणातला काथ्या घ्यावा. परिपक्व काथ्याचा तंतू म्हणजे मेलेल्या पेशींच्या जाड भिंतींची जुडी असते आणि सुंभाला जो चिवटपणा येतो, तो या भिंतींतील लिग्निनमुळे आणि सेल्युलोजमुळे.

जिवंत एकपेशीय जीव प्रथम पाहिले ते हॉलंडमधील अँटनी व्हान लेवेनहूक याने, १६७०च्या दशकात. पेशीतील केंद्रकाला १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने नाव दिले. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, हे १८३८ साली श्लायडेनने आणि प्राण्यांच्या बाबतीत तेच १८३९ साली श्वानने मांडले. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र फिर्कोने १८५५ साली ठामपणे प्रस्थापित केले. या दोन टप्प्यांच्या मधोमध, १८४२ साली, पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, हे येथील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे या शाळेच्या पहिल्या तुकड्या शिकत होत्या, तेव्हा पेशीसिद्धान्त जेमतेम काही वर्षांचा होता. पुढे याच संस्थेत प्राध्यापक आणि नंतर संचालक झालेले फ्रोइलानो द मेलो (१८८७–१९५५) यांनी एकपेशीय जीवांचा विशेष अभ्यास केला.

पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते का?

बहुतेक नाही. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे अशा सुमारे सव्वाशे पेशी एका ओळीत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. जिवाणू साधारणपणे एक-दोन मायक्रोमीटरचे असतात. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर असल्यामुळे पेशीच्या आतली बहुतेक बारीक रचना १९३१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार झाल्यानंतरच्या काही दशकांतच नीट उलगडली.

अपवाद म्हणजे अंडे. बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या अफलित अंड्यातला पिवळा बलक ही एकच पेशी असते. पांढरा भाग आणि कवच हे तिच्याभोवतीचे आवरण झाले, पेशीचा भाग नव्हे. ‘संपूर्ण अंडे म्हणजे एक पेशी’ हे विधान उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते, ते टाळावे.

पेशीचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी ‘केंद्रक’ असे उत्तर येईल, या अपेक्षेने विचारतो. आमचे उत्तर मात्र पेशीपटल असे आहे, कारण केंद्रक नसलेल्या पेशी आढळतात, पटल नसलेली पेशी आढळत नाही. पुस्तकांत याला प्रद्रव्यपटल असेही म्हणतात.

पटलाची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर असते. सव्वा लाख पटले एकावर एक रचली, तरी थर मिलिमीटरभरच होईल. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते. या रेणूंची पाण्याला मानवणारी डोकी बाहेर आणि आत, दोन्हीकडील पाण्याकडे वळलेली असतात आणि पाण्याला टाळणारी शेपटे मधल्या बाजूस एकमेकांसमोर येतात. या थरांत प्रथिने रुतलेली असतात आणि त्यांतील पुष्कळशी थरातल्या थरात सरकूही शकतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेले हे चित्र काही सुधारणांसह आजही मान्य आहे.

पटलाचे काम समजण्यासाठी खाजन शेतीसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. खाजनाला नुसता बांध असता, तर आतले पावसाचे पाणी आतच तुंबले असते आणि बांधच नसता, तर भरतीने शेत खारे केले असते. म्हणून बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी मोरी, असते : भरतीच्या दाबाने तिची दारे मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पटलातील स्निग्ध थर हा बांध आणि त्यातील प्रथिने या मानशी. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे लहान रेणू बांधातूनच झिरपतात. पाण्याचा मोठा प्रवाह खास जलमार्गांतून जातो. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युतभारित आयनांना तर दाराशिवाय वाटच नसते. काय आत यावे आणि काय नको, याची अशी निवड होत असल्यामुळे त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात.

येथवर उपमा चालते; पुढे ती सोडावी लागते. मानस केवळ पाण्याच्या दाबावर चालते, पेशी मात्र प्रवाहाच्या विरुद्धही माल वाहते. पटलातील सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत ओढतो. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने हा पंप १९५७ साली दाखवून दिला. मज्जापेशींच्या ऊर्जेचा मोठा वाटा या एका कामावर खर्च होतो आणि हा पंप थांबला, तर मज्जातंतूंतून संदेशही जाणार नाहीत.

चेपणीच्या आंब्यांना पाणी कोठून सुटते?

कोवळे आंबे मिठाच्या थरांत घालून वर वजन ठेवले की पाण्याचा थेंबही न घालता बरणीत पाणी जमते आणि आंबे सुरकुततात. हे पाणी आंब्याच्या पेशींतले असते. पटलाच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूला पाणी जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. बाहेर मीठ अधिक असल्यामुळे पाणी बाहेर पडले, म्हणून हे बहिःपरासरण. याउलट भिजत घातलेले मनुके फुगतात, ते अंतःपरासरण. मिठामुळे लोणचे टिकते, त्यामागेही हेच कारण आहे, कारण बरणीत शिरलेल्या जिवाणूंच्या पेशींतूनही पाणी असेच निघून जाते आणि त्यांना वाढता येत नाही.

शिरेतून सलाईन देताना साधे पाणी का देत नाहीत, हा प्रश्नही याच उत्तरात सुटतो. सलाईनमध्ये १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असते; ते रक्ताशी समपरासारी असल्यामुळे रक्तपेशी ना फुगतात, ना आक्रसतात. निव्वळ पाणी रक्तात गेले, तर तांबड्या पेशी फुगून फुटतील.

पेशीभित्तिका आणि पेशीपटल एकच का?

नाही. पटल सर्व पेशींना असते. भित्तिका, म्हणजे सेल वॉल, ही पटलाच्या बाहेरची ताठ चौकट वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणू यांना असते, प्राण्यांना नसते. वनस्पतींची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, बुरशीची कायटिनची आणि जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची असते. पेनिसिलिन या शेवटच्या पदार्थाची बांधणीच रोखते. आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्यामुळे ते औषध जिवाणूला मारते आणि आपल्या पेशींना सोडून देते. सर्दीच्या विषाणूवर त्याचा परिणाम का होत नाही, हेही वाचकाच्या लक्षात आले असेल.

तिवराची झाडे खाऱ्या पाण्यात कशी जगतात?

चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात किंवा मांडवीच्या काठाने फिरताना हा प्रश्न हमखास निघतो. आताच पाहिलेल्या नियमाप्रमाणे खाऱ्या पाण्याने मुळांतील पाणी ओढून घ्यायला हवे. तसे होत नाही, कारण खारफुटीच्या पेशी आपल्या आतले द्रावणच पुरेसे तीव्र ठेवतात. त्यासाठी बरेचसे मीठ रिक्तिकेत, म्हणजे व्हॅक्युओलमध्ये, बंद करून ठेवले जाते आणि भोवतालच्या पेशीद्रव्यात विकरांना, म्हणजे एन्झाइमना, न बाधणारे दुसरे विद्राव्य पदार्थ साठवून तोल सांभाळला जातो. कांदळ पुष्कळसे मीठ मुळांशीच अडवते. तिवर ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते, म्हणून तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते.

रिक्तिका म्हणजे रिकामी जागा, असा समज नावामुळे होतो. तो दुर्दैवी आहे. पक्व वनस्पतीपेशीचा बहुतांश भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असतो आणि तिच्या आतल्या दाबामुळेच भाजी ताजी आणि ताठ दिसते.

तांबडी भाजी धुताना रंग सोडत नाही, मग शिजवताना का सोडते?

तांबड्या भाजीचा लाल रंग पाण्यात सहज विरघळणारा असतो, तरीही थंड पाण्यात धुतलेल्या अखंड पानातून तो जवळजवळ येत नाही, कारण तो रिक्तिकेत असतो आणि तिचे पटल व बाहेरचे पेशीपटल, अशी दोन कुंपणे त्याला अडवतात. उष्णतेने ही पटले फाटतात आणि रंग मोकळा होतो. घरी करून पाहण्यासारखा पटलाचा याहून सोपा पुरावा आम्हाला माहीत नाही. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीतला लाल-जांभळा रंगही असाच रिक्तिकेतला असतो. पानातील हिरवे हरितद्रव्य मात्र हरितलवकांच्या पटलांत असते आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून पालकाची भाजी शिजवूनही हिरवीच राहते.

केंद्रकात काय असते? प्रत्येक पेशीत एकच केंद्रक असते का?

केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये, गुणसूत्रे असतात. माणसाच्या शरीरपेशीत ती ४६ असतात. एका पेशीतील सारा डीएनए उलगडून सरळ केला, तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो काही मायक्रोमीटर रुंदीच्या केंद्रकात हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. केंद्रकाचे आवरण दुहेरी असून त्याला रंध्रे असतात. डीएनए बाहेर पडत नाही. त्यातील मजकुराची आरएनए-रूपी नक्कल रंध्रांतून बाहेर जाते. केंद्रकाच्या आत दिसणारा गडद ठिपका म्हणजे केंद्रकी. तेथे रायबोझोमचे भाग तयार होतात.

एका पेशीला एक केंद्रक हा नियम आहे, कायदा नव्हे. माणसाची तांबडी रक्तपेशी पक्व होताना केंद्रक टाकून देते आणि सुमारे १२० दिवस त्याच्याविना काम करते. उलट आपल्या सांगाड्याच्या स्नायूंतील एकेका तंतूत अनेक केंद्रके असतात. सर्वांत नवलाचे उदाहरण भाटात मिळते : शहाळ्याचे पाणी हा बीजाचा भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठीचे अन्न, असतो आणि कोवळ्या नारळात त्याची केंद्रके विभागत राहतात, पण मध्ये भिंती पडत नाहीत. कालांतराने कवचाच्या बाजूने भिंती घालत पेशी तयार होऊ लागतात, तेव्हा प्रथम मलई आणि मग खोबरे बनते. शहाळे फोडून पाणी पिणारा माणूस असंख्य मोकळी केंद्रके पीत असतो.

आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम आणि गॉल्गी संकुल यांत नेहमी गोंधळ होतो. काय करावे?

ही नावे वेगवेगळी पाठ केल्यानेच गोंधळ होतो. एका प्रथिनाचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. स्वादुपिंडाच्या पेशीला पाचक विकर बनवायचे आहे. केंद्रकातून आलेला आरएनए रायबोझोम वाचते आणि त्याप्रमाणे अमिनो आम्ले जोडत जाते. असे रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, पृष्ठभागावर चिकटलेले असतात, म्हणून तो भाग खडबडीत दिसतो. तयार होणारे प्रथिन जालिकेच्या आत शिरते, तेथे त्याला घडी पडते, मग पटलाच्याच एका लहान पिशवीत बसून ते गॉल्गी संकुलाकडे जाते. तेथे त्यावर अखेरचे संस्कार होतात, कोठे पाठवायचे ते ठरते आणि दुसरी पिशवी ते पेशीपटलापाशी नेऊन बाहेर रिकामे करते. जॉर्ज पॅलेड यांनी नेमक्या याच पेशींत हा मार्ग शोधला आणि १९७४ सालच्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले.

जालिकेतून निघाल्यावरच्या प्रवासात माल पटलाला भोक पाडून कधीच जात नाही. पटल पटलात मिसळते आणि वाट होते. जालिकेचा गुळगुळीत भाग रायबोझोमविरहित असतो. तो स्निग्ध पदार्थ बनवतो आणि यकृतात औषधांचे व मद्याचे विघटन करण्यास हातभार लावतो. गॉल्गीने आपले संकुल १८९८ साली पाहिले, पण ते खरे की रंग लावण्याच्या पद्धतीतून झालेला भास, हा वाद पुढे अर्धशतक चालला. रायबोझोमची अणुपातळीवरील रचना उलगडणाऱ्यांत तामिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन हे एक. त्यांना २००९ सालचे नोबेल विभागून मिळाले.

लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ का म्हणतात?

लयकारिका, म्हणजे लायसोझोम ही पाचक विकरांची पिशवी, फुटली तर तिच्यातील विकर पेशीलाच पचवतील, या कल्पनेवरून ते नाव पडले. ते आकर्षक असले तरी दिशाभूल करणारे आहे. लयकारिकांचे रोजचे काम जुने घटक मोडून त्यांचे भाग पुन्हा वापरात आणणे हे आहे आणि त्यांचे विकर आम्लधर्मी वातावरणातच नीट चालत असल्यामुळे एखादी पिशवी फुटली, तरी लगेच अनर्थ होत नाही.

तंतुकणिका हे पेशीचे ‘ऊर्जाकेंद्र’ आहे, एवढे लिहिणे पुरे का?

गुणांपुरते पुरे, समजण्यापुरते नाही. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ऊर्जा निर्माण करत नाहीत; अन्नातील ऊर्जा त्या एटीपी या वापरण्याजोग्या रूपात आणतात. काजूच्या बोंडांचा रस आंबतो, तेव्हा त्यातील यीस्ट नेमका हाच फरक दाखवते. ऑक्सिजन नसताना यीस्ट साखरेचे विघटन पेशीद्रव्यातच करते, त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे केवळ दोन रेणू पदरात पडतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने तंतुकणिकांत पूर्ण ज्वलन झाले, तर आपल्या पेशींत हाच आकडा ३० च्या आसपास जातो. फेणी काय किंवा सान्नांचे पीठ फुगवणारा सूर (माडाची ताडी) काय, दोन्हींतील मद्यार्क हा यीस्टने अर्धवट सोडलेल्या इंधनाचाच उरलेला भाग आहे.

तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो १६,५६९ बेस-जोड्यांचा असून त्यात ३७ जनुके आहेत आणि तो आईकडून येतो. फार पूर्वी एका मोठ्या पेशीने आत घेतलेल्या, पण न पचवलेल्या जिवाणूचे हे वंशज आहेत, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नव्याने आणि नेटाने मांडला. दुहेरी पटल आणि जिवाणूंसारखे रायबोझोम, यांचा उलगडा त्यामुळे होतो. हरितलवकांची कथाही अशीच आहे.

कांद्याच्या पेशीत हरितलवक का दिसत नाहीत?

कांदा जमिनीत, अंधारात वाढतो आणि त्याच्या पाकळ्यांचे काम अन्न साठवण्याचे असते. आकृती काढताना सवयीने हिरवे ठिपके काढू नयेत. हरितलवक पाहायचे असतील, तर तळ्यातल्या हायड्रिलाचे पान घ्यावे. त्यात ते पेशीद्रव्यासोबत फिरतानाही दिसतात.

मिठागरातील गुलाबी पाण्यात जिवंत पेशी असतात का?

असतात. मीठ धरण्याच्या सुमारास दाट झालेल्या पाण्याला कधी कधी येणारी गुलाबी-तांबूस झाक मुख्यतः लवणप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यांमुळे असते. जिवाणूंप्रमाणे त्यांनाही पटलाने वेढलेले केंद्रक नसते, म्हणून दोघांनाही आदिकेंद्रकी म्हणतात. परंतु ते जिवाणू नव्हेत, हा निराळा गट आहे, हे कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवले. बाहेरच्या मिठाला तोंड देण्यासाठी यांतील पुष्कळ जीव आपल्या पेशीतच भरपूर पोटॅशियम साठवतात आणि त्यांची प्रथिने इतकी खाऱ्याला सरावलेली असतात की गोड्या पाण्यात टाकले, तर त्या पेशी फुटून जातात.

विषाणू ही पेशी आहे का?

नाही. त्याला पेशीद्रव्य नाही, रायबोझोम नाही आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची संख्या वाढत नाही.

पेशीला आकार कशाने येतो?

वनस्पतीत भित्तिकेने, प्राण्यांत मुख्यतः पेशीच्या आतील तंतूंच्या सांगाड्याने. याच सांगाड्यातील सूक्ष्मनलिका पिशव्यांच्या वाहतुकीचे रुळ असतात आणि हलणाऱ्या केसलांचा, म्हणजे सिलियांचा, कणाही त्यांचाच असतो : कडेला नऊ जोड्या, मध्ये दोन सुट्या. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांच्या कल्ल्यांवर अशा केसलांची दाट रांग असते आणि त्यांच्या वल्हवण्यानेच पाणी व अन्नकण आत ओढले जातात.

घरी किंवा शाळेत पटल प्रत्यक्ष पाहता येईल का?

पटलाची जाडी दिसणार नाही, पण ते कोठे आहे ते नक्की दिसते. लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोलावा, पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरावा आणि वर आच्छादक काच ठेवावी. शंभरपट वर्धनाखाली एकमेकांना खेटलेले जांभळे आयत दिसतात; या टप्प्यावर भित्तिका आणि पटल वेगळे ओळखता येत नाहीत. आता वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटून आत आक्रसू लागतो, भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. रंगाची जी कड आत सरकताना दिसते, तिलाच पेशीपटल चिकटलेले असते. त्याच रीतीने साधे पाणी दिले की रंग पुन्हा चौकटभर पसरतो. हा उलटा प्रवास दिसला नाही, तर मीठ जास्त झाले किंवा वेळ फार गेला आणि पेशी मेली, असे समजावे. नवा पापुद्रा घेऊन मीठ अर्धे करावे.